नेत्याच्या घराचा उंबरठा

२ मे १९८७, शनिवारची रात्र. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिल भागातल्या एका घरामागचा बोळ. ‘मियामी हेरल्ड’ या दैनिकाचे बातमीदार तिथे एका माणसाला गाठतात. अंगात पांढरा, टोपीवाला स्वेटशर्ट घातलेला तो माणूस विटांच्या भिंतीला टेकून उभा राहतो आणि तुटक तुटक उत्तरं देतो. घरात जी तरुणी आहे ती कोण? तिची तुमची ओळख कशी? रात्री ती इथेच होती का? हा माणूस म्हणजे कोलोरॅडोचे माजी सिनेटर गॅरी हार्ट. पुढच्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षातल्या इच्छुकांत ते तेव्हा सगळ्यांच्या पुढे होते. उमेदवारीची घोषणा करून त्यांना तीन आठवडेही झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बातमी छापून आली. बुधवारी न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हर गावी भरलेल्या पत्रकार परिषदेत ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या बातमीदाराने त्यांना सरळ विचारलं: तुम्ही कधी व्यभिचार केला आहे का? अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराला हा प्रश्न असा चारचौघांत विचारला जाईल, हे तोवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. या प्रश्नाचं उत्तर मी देणं लागत नाही, असं हार्ट म्हणाले. शुक्रवारी, ८ मे रोजी, डेन्व्हरमध्ये त्यांनी माघार घेतली. पहिली बातमी ते माघार, सगळं मिळून सहा दिवस.

आज हे प्रकरण कुणाला आठवत असेल तर दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे हार्ट यांनी स्वतःच ‘माझ्यावर खुशाल पाळत ठेवा’ असं आव्हान दिलं आणि पेपरने ते स्वीकारलं. दुसरी म्हणजे ती तरुणी त्यांच्या मांडीवर बसलेला फोटो आला आणि ते संपले. दोन्हींत क्रम उलटा झाला आहे. ते आव्हानाचं वाक्य ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या मासिकात ३ मे रोजी छापलं गेलं, म्हणजे ज्या दिवशी हेरल्डची बातमी आली त्याच दिवशी. पाळत त्याआधीच सुरू झाली होती, फोनवर आलेल्या एका खबरीवरून. आणि तो फोटो एका टॅब्लॉइड साप्ताहिकात आला तोवर हार्ट मैदान सोडून घरी गेले होते. घराच्या पुढच्या-मागच्या दोन्ही दारांवर रात्रभर सलग नजर नव्हती, हेही पुढे मान्य करावं लागलं. पण लोकांच्या डोक्यात आव्हान आणि फोटो एवढंच पक्कं बसलं आणि बाकी तपशील गळून गेला.

सनसनाटी बातमी खोटी असते, अशी आपली सर्वसाधारण तक्रार असते. पुष्कळदा ती खरी असते. अडचण वेगळी आहे. ती ज्या गोष्टीकडे बोट दाखवते, ती बहुतेक वेळा त्या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट नसते. हा लेख मी त्यासाठीच लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. पूर्वी पत्रकार सभ्य होते, नेत्यांच्या घरात डोकावत नसत, आणि हल्ली सगळं बिघडलं, असं आपण सहज म्हणून जातो. अमेरिकेचा इतिहास असं सांगत नाही. १७९७ साली अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्यावर जेम्स कॅलेंडर नावाच्या पत्रकाराने आरोप केला की अर्थमंत्री असताना त्यांनी सरकारी रोख्यांत सट्टा खेळला. हॅमिल्टन यांनी काय केलं? एक पुस्तिका स्वतः छापली. तिच्यात त्यांनी कबूल केलं की ज्या माणसाला मी पैसे देत होतो, त्याच्या बायकोशी माझे संबंध होते आणि त्याबद्दल तो माझ्याकडून पैसे उकळत होता. सरकारी पैशाला मी हात लावलेला नाही. घरातली अब्रू वेशीवर टांगून त्यांनी खजिन्यातली अब्रू वाचवली. दोन्हींत जड कोणती, याचा त्यांचा हिशेब स्पष्ट होता. याच कॅलेंडरने १८०२ साली अध्यक्ष थॉमस जेफरसन आणि त्यांच्या मालकीची गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज यांच्या संबंधांबद्दल लिहिलं. १९९८ च्या डीएनए चाचणीने त्याच्या लिखाणाला पुष्टी दिली. १८८४ साली अध्यक्षपदाचे उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या लग्नाबाहेरच्या मुलावरून तर विरोधकांनी प्रचारात गाणी म्हटली, आणि तरीही ते निवडून आले.

म्हणजे ज्या काळाला आपण सभ्यतेचा काळ म्हणतो, तो विसाव्या शतकातला मधला एक तुकडा आहे. त्या काळात बातमीदार आणि सत्ताधारी यांच्यात एक न बोललेला समझोता होता. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ साली पोलिओ झाला. पुढे ते बारा वर्षं अध्यक्ष होते, पण चाकाच्या खुर्चीतले त्यांचे फोटो हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत, कारण फोटोग्राफर ते काढत नसत, आणि कुणी काढायला गेलाच तर सुरक्षारक्षक आडवे येत. जॉन केनेडी यांच्या भानगडी वॉशिंग्टनच्या बातमीदारांच्या कानावर होत्या. छापत कुणीच नव्हतं.

या गप्प बसण्याची किंमत आपण मोजत नाही. मार्च १९४४ मध्ये नौदलाच्या एका हृदयरोगतज्ज्ञाने रूझवेल्ट यांना तपासलं तेव्हा त्यांचं हृदय निकामी होत चाललं होतं. त्याच वर्षी ते चौथ्यांदा निवडणुकीला उभे राहिले, जिंकले, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी गेले. युद्ध संपायचं होतं. आपण ज्याला मत देतो आहोत तो माणूस मुदत पुरी करण्याची शक्यता कमी आहे, हे मतदाराला कळायला नको होतं का? पोलिओ झालेले पाय हा त्यांचा खासगी भाग होता, असं मी म्हणेन. हृदय तसं नव्हतं. पण एकाच चादरीखाली दोन्ही झाकले गेले.

हा समझोता मोडला तो १९६९ ते १९८७ या सुमारे दोन दशकांत, आणि त्याला एक कारण नाही. जुलै १९६९ मध्ये चॅपाक्विडिक बेटावर सिनेटर एडवर्ड केनेडी यांची गाडी पुलावरून पाण्यात पडली, आतली २८ वर्षांची तरुणी बुडून मेली, आणि त्यांनी पोलिसांना कळवायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडू दिली. ‘खासगी आहे, सोडून द्या’ असं त्यानंतर म्हणायचं तरी कसं? मग वॉटरगेट, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतली घरफोडी आणि ती दडपण्याचा प्रयत्न. १९७४ साली रिचर्ड निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला आणि ध्वनिफितींमधून देशाने ऐकलं की बंद दाराआड त्यांचा अध्यक्ष कसा बोलतो. त्यानंतरच्या पत्रकारांच्या पिढीला वाटू लागलं की धोरणं तपासून भागत नाही, माणूस तपासला पाहिजे. ‘चारित्र्य’ हा निवडणुकीचा विषय झाला तो इथे.

आणखी एक कारण आहे, त्याच्याबद्दल कमी बोललं जातं. त्याच वर्षांत अमेरिकेतल्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत बायका मोठ्या संख्येने आल्या. ‘पुरुषांचं असं चालायचंच’ म्हणून ज्या गोष्टी पुरुष बातमीदार आपसांत हसून सोडत होते, त्या या बायकांना हसण्यासारख्या वाटल्या नाहीत. घरात, कचेरीत बाईशी कोण कसं वागतो हा सार्वजनिक प्रश्न आहे, असं स्त्री चळवळ सांगत होती. माझ्या मते हा बदल चांगलाच होता. पण तो आला तेव्हाच दुसरीकडून यंत्रं आली. १९८० साली सीएनएन सुरू झालं, चोवीस तास बातम्या. उपग्रहाची डिश बसवलेल्या गाड्या आल्या. हार्ट माघारीला डेन्व्हरला गेले तेव्हा त्यांच्या घराबाहेर अशा गाड्यांचा तळ पडला होता. चोवीस तास भरायचे तर काहीतरी लागतं, आणि अर्थसंकल्पापेक्षा बंद दार दाखवणं सोपं असतं. दार बंद असलं तरी कॅमेरा चालू ठेवता येतो.

सनसनाटी कशी चालते, त्याचं यंत्र १९९८ मध्ये सर्वांत उघडं दिसलं. बिल क्लिंटन आणि व्हाइट हाउसमधली एक प्रशिक्षणार्थी तरुणी यांची बातमी ‘न्यूजवीक’कडे तयार होती, पण संपादकांनी ती रोखून धरली होती. १७ जानेवारीला ‘ड्रज रिपोर्ट’ नावाच्या वेबसाइटने काय छापलं? ‘न्यूजवीकने बातमी रोखली’ ही बातमी. चार दिवसांत ती ‘वॉशिंग्टन पोस्ट’वर होती. ज्यांना मूळ आरोप छापायचा धीर किंवा पुरावा नसतो, त्यांना ‘सगळीकडे अशी चर्चा आहे’ हे छापायला पुरावा लागत नाही. चर्चा आहेच, कारण तेच ती करत असतात. आपल्या चॅनेलांवर ‘सूत्रांच्या हवाल्याने’ आणि ‘सोशल मीडियावर व्हायरल’ हे शब्द ज्या सहजतेने येतात, त्यांची जातकुळी हीच.

ऑक्टोबरमध्ये एका अश्लील मासिकाच्या मालकाने ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये पानभर जाहिरात देऊन खासदारांच्या लफड्यांचा पुरावा आणणाऱ्याला दहा लाख डॉलरपर्यंत बक्षीस लावलं. १९ डिसेंबरला, ज्या दिवशी प्रतिनिधिगृहाने क्लिंटन यांच्यावर महाभियोग मंजूर केला त्याच दिवशी, रिपब्लिकन पक्षाचे नियोजित सभापती बॉब लिव्हिंग्स्टन यांनी स्वतःच्या विवाहबाह्य संबंधांमुळे माघार जाहीर केली.

त्या सप्टेंबरात मी नववीत होतो. खास वकील केनेथ स्टार यांचा अहवाल अमेरिकन संसदेने ११ सप्टेंबर १९९८ रोजी इंटरनेटवर टाकला आणि दोन-तीन दिवसांत त्याचे तुकडे आमच्या मराठी पेपरातही आले. वडील सकाळी पेपर आधी स्वतः वाचायचे आणि ते आतलं पान काढून कपाटावर ठेवायचे. दुपारी घरात कुणी नसताना स्टुलावर चढून मी ते खाली काढलं. वाचून झाल्यावर मला त्या तरुणीच्या, पुरावा म्हणून पुढे आलेल्या निळ्या ड्रेसबद्दल सगळं माहीत होतं. शपथेवर खोटं बोलणं म्हणजे काय, महाभियोग कशासाठी असतो, स्टार यांची चौकशी खरं तर आर्कान्सामधल्या एका जुन्या जमीनव्यवहारापासून सुरू झाली होती, यातलं काही मला कळलं नव्हतं. ते त्या पानात नव्हतंच.

म्हणून ते इथे सांगतो. क्लिंटन यांच्यावरचे मंजूर झालेले आरोप दोन होते: ज्युरीपुढे शपथेवर खोटं बोलणं (२२८ विरुद्ध २०६ मतं) आणि न्यायाच्या कामात अडथळा आणणं (२२१ विरुद्ध २१२). संबंध ठेवले हा आरोप नव्हता. सिनेटमध्ये दोषी ठरवायला ६७ मतं लागतात. १२ फेब्रुवारी १९९९ रोजी पहिल्या आरोपावर ४५ आणि दुसऱ्यावर ५० मतं पडली. ते सुटले. आणि जनता? महाभियोग मंजूर झाला त्याच सुमारास गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत ७३ टक्के लोक म्हणाले की अध्यक्ष म्हणून त्यांचं काम आम्हाला पसंत आहे. रोजगार होते, सरकारी अंदाजपत्रकात जवळजवळ तीस वर्षांनी पहिल्यांदा शिल्लक पडली होती. लोकांनी माणूस आणि काम यांची वेगळी खाती केली. हॅमिल्टन यांनी मागितलं होतं तेच दोनशे वर्षांनी लोकांनी दिलं, असं म्हणता येईल.

पण त्या हिशेबात एक खातं उघडलंच गेलं नाही. ती प्रशिक्षणार्थी मुलगी हे सुरू झालं तेव्हा २२ वर्षांची होती आणि समोरचा माणूस तिचा वरिष्ठ होता; नुसता वरिष्ठ नाही, जगातला सर्वांत ताकदवान पदाधिकारी. एका बाजूचे लोक ‘अनीती’ म्हणत होते, दुसऱ्या बाजूचे ‘खासगी बाब’ म्हणत होते, आणि सत्तेच्या या अंतराबद्दल दोन्हीकडे शांतता होती. विनोद मात्र तिच्यावर झाले, वर्षानुवर्षं. २०१५ साली एका जाहीर भाषणात तिने सांगितलं की इंटरनेटवर एका क्षणात सगळ्या जगभर अब्रू जाण्याच्या साथीतली मी पहिली रुग्ण. २०१७ मध्ये ‘मी टू’ची लाट आल्यावर कुठे ते प्रकरण लोकांनी दुसऱ्या बाजूने वाचायला घेतलं.

लोकांची मतं याबाबतीत किती पटकन फिरतात, त्याचा मला ठाऊक असलेला सर्वांत बोलका आकडा पुढचा आहे. पीआरआरआय ही अमेरिकन सर्वेक्षण संस्था. तिने विचारलं: खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक जबाबदारी नीट पार पाडू शकतो का? २०११ साली गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिश्चनांपैकी, म्हणजे कर्मठ धार्मिक गटांपैकी एकात, ३० टक्के लोक ‘हो’ म्हणाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये, डोनाल्ड ट्रम्प उमेदवार असताना, त्याच गटात ‘हो’ म्हणणारे ७२ टक्के झाले. पाच वर्षांत बायबल बदललं नव्हतं, उमेदवार बदलला होता. उलट बाजूचं उदाहरण हवं तर क्लिंटन यांच्या वेळी ‘खासगी बाब’ म्हणणारे कितीतरी लोक ट्रम्प यांच्या वेळी चारित्र्यावर बोलत होते. समाज मोकळा झाला की सैल झाला, यावर वाद घालण्याआधी हे पाहायला हवं. आपला नेता असेल तर उंबरठा बाहेर सरकतो, त्यांचा असेल तर आत. हे मराठी घरांतल्या गप्पांतही होतं आणि मी स्वतः त्याला अपवाद आहे असं म्हणणार नाही.

मग पत्रकारांनी गप्पच बसावं? फ्रान्सने ते करून पाहिलं आहे. तिथे १९७० पासून नागरी संहितेच्या नवव्या कलमात लिहिलेलं आहे की प्रत्येकाला खासगी आयुष्याचा आदर मिळण्याचा हक्क आहे. फ्रान्स्वा मितराँ १९८१ ते १९९५ अध्यक्ष होते. त्यांचं दुसरं कुटुंब होतं, १९७४ साली जन्मलेली मुलगी होती. पॅरिसमधल्या बऱ्याच पत्रकारांना हे माहीत होतं. छापून आलं नोव्हेंबर १९९४ मध्ये, एका साप्ताहिकातल्या फोटोतून. जानेवारी १९९६ मध्ये जार्नाक गावी अंत्यसंस्काराला पत्नी, मुलगे, ती मुलगी आणि तिची आई एकत्र उभे होते. परदेशी वाचक हळहळले, की पाहा, फ्रेंच लोक किती समजूतदार. मलाही ते चित्र आवडायचं.

पुढचं वाचलं तेव्हा आवडेनासं झालं. ते दुसरं कुटुंब सरकारी इमारतीतल्या घरात राहत होतं, सरकारी सुरक्षेत. ते गुपित जपण्यासाठीही राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादातल्या दहशतवादविरोधी पथकाने १९८३ ते १९८६ या काळात लेखक-पत्रकारांचे फोन चोरून ऐकले. थेट पाळत असलेल्यांची संख्या दीडशेच्या आसपास होती, आणि २००५ मध्ये न्यायालयाने त्यात संबंधितांना दोषी ठरवलं. शिवाय निवडून आल्यावर काही महिन्यांतच त्यांना कर्करोग असल्याचं निदान झालं होतं, आणि दर सहा महिन्यांनी प्रकृतीचं पत्रक काढण्याचं वचन देणाऱ्या या अध्यक्षाने ते १९९२ पर्यंत लपवलं. पत्रकं निघत होती, त्यांत आजार नव्हता. अध्यक्ष गेल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी ते लिहिलं तर पुस्तकावर बंदी आली. ही कायमची बंदी चूक होती असं युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००४ मध्ये म्हटलं. मुलगी हा त्यांचा उंबरठ्याच्या आतला विषय होता. तिच्यासाठी दुसऱ्याच्या फोनला कान लावणं हा तो विषय राहत नाही.

आपल्याकडे कायद्याने ही रेघ कुठे ओढली आहे, ते फार थोड्यांना माहीत असतं. १९९४ च्या राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतःचं, कुटुंबाचं, लग्नाचं, मुलाबाळांचं खासगीपण राखण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि परवानगीशिवाय त्याबद्दल छापता येणार नाही. पण सरकारी पदावरचा माणूस आपलं सरकारी काम कसं करतो याबद्दल लिहिलं, तर त्याला नुकसानभरपाई मागता येत नाही. लिहिणाऱ्याने सत्याची मुळीच पर्वा केली नाही किंवा द्वेषाने लिहिलं, असं सिद्ध झालं तरच मागता येते. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीचं नाव मात्र छापायचं नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं एकमुखाने सांगितलं.

‘सत्याची पर्वा’ या शब्दांपाशी मला १८८२ आठवतं. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे छत्रपतींविरुद्ध कारस्थान करत आहेत, अशा अर्थाच्या पत्रांवरून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी त्यांच्यावर तोफ डागली. विषय पूर्ण सार्वजनिक होता, हेतू चांगला होता, लिहिणारे टिळक आणि आगरकर होते. कोर्टात पत्रं बनावट निघाली. चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस दोघे डोंगरीच्या तुरुंगात राहिले. इतक्या सचोटीच्या माणसांना कागदावर लिहिलेली बनावट पत्रं फसवू शकली. आज आवाज आणि चेहरा दोन्ही बनवता येतात आणि ते पुढे ढकलायला अंगठा पुरतो.

मी स्वतः अशी बातमी आली की एवढंच पाहतो: यात सरकारी पैसा किंवा यंत्रणा वापरली का? हाताखालच्या माणसावर पदाचा दाब होता का? कुणावर जबरदस्ती झाली का? शपथेवर किंवा सभागृहात खोटं बोललं गेलं का? मितराँ यांचे फोन-प्रकरण यात बसतं. क्लिंटन दोन ठिकाणी बसतात. हार्ट? ती तरुणी त्यांच्या हाताखाली काम करत नव्हती, सरकारचा एक डॉलर खर्च झाला नव्हता. पत्नीशी ते कसे वागले हा प्रश्न होता, आणि तो विचारण्याचा हक्क त्यांच्या पत्नीला होता. आपल्यावर सगळ्यांची नजर आहे हे ठाऊक असून ते असं वागले, यावरून त्यांचा विवेक दिसतो, असं काही जण म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. सहा दिवसांत एक माणूस निकालात काढावा एवढं नाही.

हार्ट पुन्हा कुठल्याच पदावर निवडून आले नाहीत. १९९८ पासून ते देशाच्या सुरक्षेचा आढावा घेणाऱ्या एका सरकारी आयोगाचे सहअध्यक्ष होते. दुसरे अध्यक्ष रिपब्लिकन पक्षाचे वॉरन रडमन. सप्टेंबर १९९९ च्या पहिल्या अहवालात आयोगाने लिहिलं की अमेरिकन माणसं अमेरिकेच्या भूमीवरच मरण्याची शक्यता आहे, कदाचित मोठ्या संख्येने. शेवटचा अहवाल ३१ जानेवारी २००१ रोजी आला. देशांतर्गत सुरक्षेसाठी स्वतंत्र यंत्रणा तातडीने उभी करा, अशी त्यात शिफारस होती. पत्रकार परिषद झाली. बहुतेक मोठ्या माध्यमांनी तिला फारशी जागा दिली नाही. त्यानंतर सव्वासात महिन्यांनी ११ सप्टेंबर उजाडला.